फॉर्मवरचं मीठ

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बोईसरला एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यामागे एका खोलीची लॅब होती आणि त्या लॅबमध्ये मी एकटा होतो. रक्त मीच काढायचो, मीच तपासायचो, रिपोर्ट मीच लिहायचो आणि संध्याकाळी काचपट्ट्याही मीच धुवायचो. डॉक्टरबाई मला टेक्निशियन म्हणत, पेशंट कंपाउंडर म्हणत आणि गावी, माकुणसारला, माझी आई शेजारणींना सांगताना अर्धा डॉक्टर म्हणे. आईचं म्हणणं मी कधी दुरुस्त केलं नाही. खोट्याची सवय बहुधा तिथूनच लागली.

कामही अर्ध्या डॉक्टरला झेपेल असंच होतं. तारापूरच्या कारखान्यांतली शिफ्ट सुटली की कामगार बसमधून उतरून थेट आमच्याकडे यायचे. हिमोग्लोबिन, लघवी, साखर, फार तर मलेरियाची पट्टी. एक वेल्डर दर वेळी विचारायचा, "इतना खून लेते हो भैया, शाम को बेचते हो क्या?"

मी म्हणायचो, "आपका कोई लेता नहीं."

तो खूश होऊन जायचा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचारायचा.

अशात एके दिवशी मुरब्याहून एक बाई आल्या, सोबत त्यांची सासू. सुनेचं वय पस्तीसच्या आसपास, नवरा होडीवर, हिचं काम मासळी सुकवून बाजारात नेण्याचं. मी त्यांना ताई म्हणायला लागलो आणि सासूला मावशी. ताईंचं ब्लड प्रेशर दोनशेच्या खाली यायचं नाव घेत नव्हतं. तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. त्यात वर्षभरापासून एक नवीनच त्रास सुरू झाला होता. पाटी डोक्यावर घेऊन चार पावलं टाकली की पाय पाण्यासारखे व्हायचे. दोनदा बोंबलांसकट रस्त्यावर बसल्या होत्या.

"वजन जास्ती घेते, दुसरं काय," मावशी म्हणाल्या.

"वजन तुमीच भरता नं आय," सून म्हणाली.

दवाखाना आणि लॅब यांच्यामध्ये एक पडदा होता. त्यातून सगळं ऐकू यायचं आणि मी सगळं ऐकायचो. डॉक्टरबाईंनी आधी पोटॅशियम तपासून आणवलं होतं, ते फारच कमी निघालं होतं. आता त्या दोघींना समजावून सांगत होत्या. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. ती एक रस सोडते. तो रस शरीराला सांगतो, मीठ धरून ठेव. मीठ थांबलं की पाणी थांबतं, पाणी थांबलं की प्रेशर चढतं. आणि त्याच रसामुळे पोटॅशियम बाहेर जातं, म्हणून हिचे पाय गळतात. हा रस रक्तात किती आहे ते बघायला हवं."

"आन जास्ती निगाला तं?" मावशींनी विचारलं.

"तर ग्रंथीत गाठ असू शकते. ऑपरेशन करून काढावी लागेल."

पडद्यापलीकडे मावशी देवीचं नाव घ्यायला लागल्या. अलीकडे मी मात्र हरखून गेलो होतो. अल्डोस्टेरॉन! कॉलेजात परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाव, ते आता माझ्या लॅबमधून जाणार होतं. विसरू नये म्हणून मी ते तळहातावर पेनानं लिहून ठेवलं. एका माणसाचं पोट उघडायचं की नाही हे त्या नावावर ठरणार होतं, हे मला तेव्हा ऐकू आलं होतं. पण डोक्यात शिरलं नव्हतं.

ही तपासणी आमच्याकडे होणारी नव्हती. मुंबईतल्या एका मोठ्या लॅबमध्ये ती व्हायची आणि तीही पंधरा दिवसांतून एकदा, सगळीकडचे नमुने जमवून. त्यांनी एक पत्र आणि एक फॉर्म पाठवला. पत्रात अटी होत्या. लघवीची गोळी काही आठवडे आधी बंद करायची. त्या दिवशी पेशंट सकाळपासून दोन तास तरी उभा किंवा हिंडताफिरता हवा, मग थोडा वेळ बसवून रक्त घ्यायचं. आणि आधीचा आठवडाभर मीठ नेहमीसारखं खायचं. हे शेवटचं मला विचित्र वाटलं, म्हणून मी बाईंना विचारलं.

"अंगात मीठ कमी पडलं की चांगली ग्रंथीसुद्धा जास्त रस सोडते," बाई म्हणाल्या. "मग रिपोर्ट जास्त येईल आणि आपण निरोगी ग्रंथीला गाठ समजून बसू. नीट सांग तिला."

मी नीट सांगितलं. ताईंना समोर बसवून तीनदा सांगितलं. आयुष्यभर ज्या बाईला प्रत्येक डॉक्टरनं मीठ सोड म्हणून सांगितलं, तिला पहिल्यांदाच कुणीतरी खा म्हणत होतं. त्यांनी मान डोलावली.

ठरलेल्या दिवशी त्या मुरब्याच्या सकाळच्या एसटीनं आल्या. दोन तास उभं राहायची अट एसटीनं आणि नाक्यावरच्या खोळंब्यानं परस्पर पूर्ण करून टाकली होती. मी त्यांना स्टुलावर बसवलं. थर्मासमध्ये बर्फ भरून तयार होता. साडेदहाच्या सुमाराला मुंबईची पॅसेंजर होती, ती चुकली तर त्या दिवशी नमुना पोहोचत नव्हता आणि मग पंधरा दिवस थांबावं लागणार होतं. मी दंडाला रबर बांधत होतो तेव्हा ताई म्हणाल्या, "भाऊ, तुला एक सांगायचं ऱ्हायलं. मी आठ दिस अळणी जेवते हाय."

"काय?"

"मिठाला शिवलीच नाय. तू सांगितलंस ते याद हाय मला. पन त्याच्या आदीच गावदेवीला बोलून बसलेली. रक्ताचा कागद बरा येऊ दे, येईस्तवर अळणी खाईन. देवीला कसं फिरवायचं?"

आमच्या भागात ही पद्धत आहे. कुणी गोड सोडतं, कुणी चप्पल सोडतं, मासळीवाल्या बायका मीठ सोडतात, कारण दिवसभर हात मिठात असतात आणि तेच तोंडात न घालणं याला मोल आहे. माझ्या आईनं माझ्या परीक्षेसाठी केलं होतं. त्यामुळे मला समजलं नाही असं म्हणायची सोय नाही. ताई काय सांगतात आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही मला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं.

बरोबर काय होतं तेही कळलं होतं. रबर सोडायचं, पडदा बाजूला करायचा आणि बाईंना सांगायचं. दहा पावलंसुद्धा नव्हती.

पण माझ्या शर्टाच्या खिशात एक अर्ज होता. त्या मुंबईच्या लॅबसाठी, नोकरीचा. चार दिवस खपून चांगल्या अक्षरात लिहिलेला. नमुना द्यायला गेलो की तिथल्या मोठ्या साहेबांना हातोहात देणार होतो. पँट इस्त्रीची होती. आज नाही गेलो तर पंधरा दिवस थांबायचं, आणि पंधरा दिवसांत कुणीतरी दुसरा अर्धा डॉक्टर तिथे चिकटणार, असं माझं मन मला सांगत होतं.

"चालतं," मी म्हणालो आणि सुई घातली.

फॉर्मवर एक ओळ होती, मीठ: कमी, नेहमीचं, जास्त. मी 'नेहमीचं'वर खूण केली. हात अजिबात थरथरला नाही. थरथरला असता तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

मुंबईत मोठे साहेब भेटले नाहीत. खिडकीतल्या कारकुनानं नमुना घेतला, फॉर्म घेतला आणि अर्जही त्याच टाचणीत टोचून घेतला. मी परत आलो.

तीनेक आठवड्यांनी रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन वाढलेलं. ताईंना, मावशींना आणि होडीवरून आलेल्या नवऱ्याला बोलावून बाईंनी सांगितलं की मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, तिथे ग्रंथीचा फोटो काढतील आणि बहुतेक ऑपरेशन.

"पोट फाडनार?" ताईंनी विचारलं.

"कमरेच्या बाजूनं करतात. पण हो, मोठं ऑपरेशन आहे."

नवऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तो तिच्याकडे बघत बसला. मावशी म्हणाल्या, "देवीनं कागद दाखवला, आता देवीच बगेल." मी पडद्याआड एक कोरी काचपट्टी पुन्हा पुन्हा पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी बाई हॉस्पिटलसाठी पत्र लिहीत होत्या. लिहिता लिहिता वर न बघता त्यांनी विचारलं, "मीठ नेहमीचंच होतं ना रे तिचं? तिकडे पहिलं हेच विचारतील."

ही देवानं दिलेली दुसरी संधी होती. मी म्हणालो, "हो मॅडम."

खूण करणं एक आणि तोंडानं हो म्हणणं वेगळं. खूण कागदावर राहते, हो आपल्याजवळ राहतो. त्या दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला सारखा ताईंचा नवरा दिसत होता, गुडघ्यावर टोपी ठेवलेला. मी वेल्डरचं हिमोग्लोबिन दोनदा मोजलं आणि दोनदा वेगळं आलं. तो म्हणाला, "आज क्या हुआ भैया, खून देखके डर गए?" चार वाजता मी पडदा बाजूला केला.

"मॅडम, मीठ नेहमीचं नव्हतं."

त्या लिहायच्या थांबल्या. "किती दिवस?"

"आठ. अजिबात नव्हतं. नवस होता."

"तुला कधी कळलं?"

"रक्त काढताना."

"सुईच्या आधी की नंतर?"

"आधी."

त्यांनी पेनला टोपण लावलं. मला वाटलं, आता आवाज चढेल. तो चढला नाही, हे जास्त वाईट होतं. त्यांनी ते पत्र उलटं करून माझ्यासमोर ठेवलं आणि पाठच्या बाजूवर काय झालं ते मला माझ्या हातानं लिहायला लावलं. अर्जाचं तेवढं मी गाळलं होतं. त्यांनी वाचून विचारलं, "पण का?" मग तेही लिहिलं.

"तुला काढून टाकत नाहीये," त्या म्हणाल्या, "कारण दुसरा मिळत नाही. हे कौतुक समजू नकोस. आता मुरब्याला जा आणि पुन्हा रक्त द्यायला सांग. या वेळी आठवडाभर मिठासकट."

मी सायकल काढली. मुरब्याला पोहोचलो तेव्हा अंगणात बांबूंवर बोंबील लटकत होते आणि मावशी खाली पडलेले गोळा करत होत्या. सगळं खरं सांगायचं असं वाटेत चारदा ठरवलं होतं. पण ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या, "आमच्यासाटी एवढ्या लांब आलास?" म्हणाल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "ते रक्त खराब झालं, म्हणून पुन्हा द्यायला लागेल."

"माझ्या सुनेचं रगत खराब?" मावशी उठून उभ्या राहिल्या.

"तसं नाही मावशी, बाटलीत खराब झालं. वाटेत."

"मंग बाटलीचं नाव घे की."

मिठाचा मुद्दा काढल्यावर खरी पंचाईत झाली. कागद आला होता, पण बरा आला नव्हता. त्यामुळे नवस फिटला की नाही यावर सासू-सुनेचं एकमत होईना. ताई म्हणाल्या, अजून अळणीच चालू आहे. मी म्हणालो, या वेळी मीठ खाल्लं नाही तर कागद पुन्हा चुकेल. ताई म्हणाल्या, "आन खाल्लं आन देवीनं पाट फिरवली तं?" शेवटी मावशींनीच तोड काढली.

"तू खा," त्या सुनेला म्हणाल्या. "मी सोडते. घरातनं एकीनं अळणी ऱ्हायलं म्हंजी झालं. देवी काय ताटात वाकून बगते का कुनाच्या?"

"तुमाला जमेल आय? कालवणात मीठ कमी पडलं तं ताट सारता तुमी."

"तुज्या हातचं सारते. देवीचं नाय सारत."

अशा रीतीनं आठवडाभर सून बोंबील, सुकट, खारवलेली मासळी, जे रोजचं ते सगळं खात राहिली आणि सासू तिच्या शेजारी बसून अळणी भात गिळत राहिली. मी तीन वेळा मुरब्याला जाऊन आलो. प्रत्येक वेळी मावशी माझ्याकडे अशा बघत की जणू मीठ मीच लपवून ठेवलं आहे. आठव्या दिवशी दोघीही दवाखान्यात आल्या. बाईंनी गंमत म्हणून मावशींचंही प्रेशर बघितलं तर ते बरंच उतरलेलं. "ज्याचं उतरायला हवं त्याचं सोडून," बाई म्हणाल्या. मावशी भलत्याच खूश झाल्या.

मी रक्त घेतलं आणि या वेळी फॉर्मवर फक्त खूण केली नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत ताईंनी रोज काय काय खाल्लं ते लिहिलं. आणि खाली लिहिलं की याच पेशंटच्या आधीच्या फॉर्मवरची मिठाची नोंद चुकीची होती आणि ती मी केली होती. मुंबईच्या खिडकीत तोच कारकून होता. त्यानं वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "अर्ज तुमचाच होता ना?" मी हो म्हणालो. तो "बरं" म्हणाला. त्या नोकरीचं पुढे काही झालं नाही. व्हायला नकोच होतं.

दुसऱ्या रिपोर्टची वाट बघताना मी काय मागत होतो हे सांगायची लाज वाटते. रिपोर्ट नॉर्मल येऊ दे, असं मागत होतो. ताईंचं ऑपरेशन टळावं म्हणून नव्हे. मी कबूल केल्यानं कुणाचं तरी पोट वाचलं, असं मला स्वतःला सांगता यावं म्हणून.

रिपोर्ट आला. अल्डोस्टेरॉन वाढलेलंच होतं.

बाईंनी तो दोनदा वाचला. "एवढं मीठ पोटात असून दबलेलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे ग्रंथी कुणाचं ऐकत नाहीये. आता मी खात्रीनं पाठवू शकते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चेहरा का पडला तुझा?"

"म्हणजे पहिला पण बरोबरच होता, मॅडम."

"पहिल्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या आणि नवीन पत्र लिहायला घेतलं.

मुंबईला फोटोत डाव्या ग्रंथीत गाठ दिसली. ऑपरेशन झालं. गाठ बोराएवढी होती असं मावशी सगळ्यांना बोटांनी दाखवून सांगत, आणि दर वेळी बोर थोडं मोठं होत जाई. श्रेय अर्थातच त्यांच्या आठ दिवसांच्या अळणी भाताला होतं. ताईंच्या तीन गोळ्यांची एक झाली, मग अर्धी. मला मात्र त्या बरं होण्यात नीट आनंदी होता येईना. सगळे माझं नाव घेत. भाऊ तीन वेळा घरी आला, भाऊनं रक्त मुंबईला नेलं. नवऱ्यानं एकदा पापलेटची जोडी आणून दिली. ती मी खाल्ली, हेही सांगून टाकतो. चांगली होती.

ऑपरेशननंतर दोनेक महिन्यांनी ताई पोटॅशियमच्या तपासणीला आल्या. मावशी बाहेर बाकावर एका कामगाराला बोर दाखवत बसल्या होत्या. ताई स्टुलावर बसल्या, हात पुढे केला, आणि मी रबर हातात धरून सगळं सांगितलं. बाटली खराब झाली नव्हती. तुम्ही अळणीचं सांगितलं होतं आणि मी खोटं लिहिलं. खिशात अर्ज होता. मॅडमना आधी सांगितलं नाही, मग विचारलं तेव्हाही खोटं बोललो, मग तुमच्या अंगणात तिसऱ्यांदा.

त्या पूर्ण वेळ माझ्या हातातल्या रबराकडे बघत होत्या.

"तवा का नाय सांगितलंस मला, घरी आलास तवा?"

"भीती वाटली."

"माजी?"

"हो."

"माजी भीती वाटली," त्या म्हणाल्या, "आन मला कापायला धाडायची नाय वाटली."

बाहेर मावशींचं हसणं ऐकू येत होतं. ताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आयला सांगू नको. आठ दिस ती अळणी जेवली ती तुज्या अर्जापायी, हे कळलं तं तुला बोंबलावानी टांगेल."

"नाही सांगत."

"आन मी तुला माफ केलं असं पन समजू नको. इचार करीन मी." मग हात जरा आणखी पुढे करून म्हणाल्या, "घे आता रगत. बस चुकंल."

त्या दिवशी मला शीर तिसऱ्या खेपेला सापडली. पहिल्या दोन वेळा सुई चुकली तेव्हा त्या भिंतीकडे बघत बसल्या होत्या, आणि मी सॉरी म्हणालो तेव्हाही तिकडेच बघत राहिल्या.